मासळीच्या वासाचं भूत

बाळीवेशीतल्या मंगल कार्यालयात त्या रविवारी लग्न नव्हतं, तरी पाय ठेवायला जागा नव्हती. एप्रिलच्या उन्हानं वरचे पत्रे तापले होते. वधूवरांच्या चौथऱ्यावर तीन मुलं ओळीनं उभी होती आणि त्यांच्यापुढे कडुलिंबाचा ओला फोक हातात घेऊन मेधानाथ महाराज फेऱ्या मारत होते.

"बघा लोकहो, तिघंबी कोलीन घेत्यात. कोलीन म्हंजे बुद्धीचं खत. नाव परदेशी वाटतंय, पर शब्द आपलाच. कुलीन. सायबानं चोरून नेला, अन् आता डब्यात भरून आपल्यालाच इकतोय."

लोक हसले.

"ह्या पहिल्या पोरानं मेडिकल दुकानातली पूड घेतली. दुसऱ्यानं अमेरिकेची गोळी. अन् ही पोरगी आमची सिद्धमेधा घेती. ह्यातली खरी कंची, ते मी न्हाय सांगणार. तुमचं नाक सांगंल."

महाराजांचा चेला मायाप्पा पहिल्या रांगेतल्या दोघांना हाताला धरून वर घेऊन गेला. त्यांनी पहिल्या मुलाची मान हुंगली, दुसऱ्याची हुंगली. साधा घाम. मुलीजवळ जाताच दोघांनीही नाकाला रुमाल लावला.

"सडकी मासळी," त्यातला एक पुटपुटला.

समोर बसलेली बहुतेक घरं गळ्यात लिंग बांधणारी, पिढ्यान्‌पिढ्या अंड्यालाही न शिवणारी. सभेतून शहारा गेला.

"मासळी न्हवं," महाराज म्हणाले. "जडत्वाचं भूत हाय ते. डोक्यात घर करून बसलेलं. पूड खरी असली की घामातनं पळतंय अन् जाताना घाण सोडतंय. खोटी पूड गपगार, नुसती माती. पर भूत सुखासुखी जात न्हाय. हाकलावं लागतंय."

फोक सपकन मुलीच्या पाठीवर बसला. मग पोटऱ्यांवर. "म्हण एकोणतिसाचा पाढा." मुलगी हुंदके गिळत म्हणू लागली. अडखळली की फोक. पाढा संपला तेव्हा टाळ्या वाजल्या आणि मुलीच्या पांढऱ्या कमिजवर लाल रेघा उमटल्या होत्या.

तिसऱ्या रांगेत शिवबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. ती सिद्धेश्वरी होती, त्यांच्या भाच्याची, राजशेखरची मुलगी.

राजशेखरचं चादरीचं दुकान. मुलगी डॉक्टर व्हावी एवढंच त्याचं मागणं. प्रवेश परीक्षा जवळ आली तशी त्यानं महाराजांची पूड आणली. सकाळी तीन चमचे शीग लावून, संध्याकाळी तीन. आठवड्यातच पोरीच्या अंगाला मासळीचा वास येऊ लागला. राजशेखरनं कंबरेचा पट्टा काढला. "कुठं खाल्लीस? कुणाबरोबर खाल्लीस?" ती इष्टलिंग हातात धरून शपथ घेत होती आणि तो मारत होता. शिवबाई मध्ये पडल्या तेव्हा बक्कल त्यांच्या मनगटावर बसलं. दुसऱ्या दिवशी तो महाराजांकडे गेला. पोरीनं काही खाल्लं नाही, हे भूत आहे, असं महाराजांनी सांगितल्यावर तो त्यांच्या पायांवर डोकं ठेवून रडला. लेकीची लाज वाचली होती. तिची पाठ वाचली नाही. पट्टा गेला, फोक आला.

शिवबाईंना मात्र तो वास ओळखीचा वाटला होता. मुलीच्या पाठीला हळद लावताना त्या क्षणात पन्नास वर्षं मागं गेल्या. गिरणीच्या भोंग्यावर शहर उठायचं ते दिवस. घरातून कॉलेजात जाणारी पहिली मुलगी म्हणून गल्ली त्यांच्याकडे बघायची. प्रयोगशाळेत सरांनी एका बाटलीचं बूच काढलं आणि सगळ्या मुली ओकाऱ्या देत व्हरांड्यात पळाल्या. सर हसत म्हणाले होते, "घाबरू नका गं, बाटलीत मासा नाही. मासा कुजताना जो वायू सुटतो, तोच आहे. मासळीबाजार बिचारा उगाच बदनाम." पुढं तीस वर्षं शिवबाईंनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण ते बूच विसरल्या नाहीत.

महाराजांच्या पहिल्याच सभेत त्यांनी हात वर करून प्रश्न विचारला होता. मायाप्पानं त्यांना दंडाला धरून पायऱ्यांवरून खाली ढकललं. चष्मा फुटला. राजशेखर म्हणाला, "आत्या, तुझी पुस्तकं जुनी झाली. आता गप बस की."

त्या गप्प बसल्या. पण रिकाम्या बसल्या नाहीत.

आता त्या उठल्या आणि चौथऱ्याकडे चालू लागल्या. वाटेतली माणसं नाकाला पदर लावून बाजूला होत होती. मायाप्पा आडवा आला, पण त्यालाही वास आला आणि तो मागं सरला.

"महाराज, मीही पूड घेतलीय," शिवबाई म्हणाल्या. "तुम्ही या पोरीला सांगितलीत तेवढीच. सकाळी तीन चमचे, संध्याकाळी तीन. बघा बरं."

महाराजांनी लांबूनच हुंगलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "ऐका हो ऐका. मास्तरीणबाईंचं भूत निगालं. सत्तर वर्सांचं जुनाट भूत. मागं आमालाच शिकवाय आल्या हुत्या."

सभा खदखदून हसली.

"कुणाच्या पुडीनं निघालं?"

"आमच्या. दुसऱ्या कंच्या पुडीत ही ताकद हाय? मेडिकलची पूड जन्मभर खाल्ली तरी वास यायचा न्हाय. समद्यांसमोर सांगतोय."

"नक्की?"

"आईची आन."

"मग हाकला," असं म्हणून शिवबाईंनी पाठ फिरवली.

महाराज थबकले. पण सभा बघत होती. फोक सणसणला. पहिल्या फटक्याला शिवबाई वाकल्या, दुसऱ्याला गुडघ्यावर आल्या. इरकलीच्या पदरावर रक्त दिसू लागलं. "अज्जी," असं म्हणत सिद्धेश्वरी त्यांच्या अंगावर पडली, तर तिसरा फटका तिच्या कानशिलावर बसला आणि ती चौथऱ्यावरच कोसळली.

शिवबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. दुसऱ्या हातानं पिशवीतून एक डबा काढून लोकांकडे धरला. "मी महाराजांची पूड जिभेलाही लावलेली नाही. मी ही घेतली. मेडिकल दुकानातली. या पहिल्या मुलाला दिली तीच."

कुणाला काही कळेना. मागून औषधवाले गुरुबसप्पा उठले. "माझ्याच दुकानातनं नेली बाईंनी. एवढी घेऊ नका, रक्तदाब उतरंल, म्हणून मी हात जोडले. ऐकतात होय त्या."

"कोलीन शरीराला लागतं," शिवबाई म्हणाल्या. धाप लागली होती, पण आवाज वर्गातला होता. "पण थोडं. आपल्या शेंगदाण्यात आहे, सोयाबीनमध्ये आहे. ओंजळीनं गिळलं की जास्तीचं आतड्यात कुजतं आणि कुजक्या मासळीचा वायू होतो. तो घामातून येतो. पूड कुठलीही घ्या. या मुलाला चिमूटभर दिली म्हणून वास नाही, पोरीला चमचे भरभरून दिली म्हणून आहे. चक्कर येते, घाम फुटतो, तोही त्याचाच. पूड खाऊन कुणी हुशार झालेलं नाही. पाढा आला, कारण आठवडाभर तिच्याकडून तोच एक घोकून घेतलाय. विचारा तिला अठ्ठाविसाचा."

"बाई खोटं बोलती," महाराज म्हणाले, पण ते दाराकडे बघत होते. मायाप्पा आधीच नाहीसा झाला होता.

मग सभा उसळली. खुर्च्या मोडल्या. कुणीतरी महाराजांची जटा ओढली, ती हातात आली. एका बाईनं पायातली चप्पल काढली. महाराजांचा ओठ फाटला, दात लाल झाले. राजशेखर सगळ्यांना ढकलत पुढं आला. त्यानं खाली पडलेला फोक उचलला आणि पूर्ण ताकदीनं हात वर नेला.

त्याच वेळी चौथऱ्यावर सिद्धेश्वरीनं डोळे उघडले. बापाचा उगारलेला हात दिसताच तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि अंगाची जुडी केली. "अप्पा, मी न्हाय खाल्लं," ती म्हणाली.

राजशेखरचा हात तसाच वर राहिला. मग हळूहळू खाली आला. बाकीचेही थांबले. महाराज मोडक्या खुर्चीआड रक्त पुसत होते.

"याला पोलीस ठाण्यात न्या," शिवबाई म्हणाल्या. "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, तो बघून घेईल. पण राजू, ते भूत याच्या पुडीत नव्हतं. मासळीचा वास आला आणि तू पोरीचं काही न ऐकता पट्टा काढलास, तेव्हाच ते तुझ्या घरात शिरलं. याला नुसता वास लागला त्याचा."

तिनं काय खाल्लं ते विचारायचं, आपण तिला काय दिलंय ते बघायचं, आणि कळत नसेल तर डॉक्टरकडे जायचं. एवढंच करायचं होतं. कुठल्याही घरानं एवढंच करायचं असतं, हात उचलण्याच्या आधी.

राजशेखरनं फोक गुडघ्यावर मोडला. मग तो लेकीजवळ गेला, तिला उचलायला वाकला. ती मागं सरकली. तो तिथंच, तिच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर बसला.

"तुला पाणी देऊ का?" त्यानं विचारलं. आणि उत्तर येईपर्यंत थांबला.