देवमाशाच्या मणक्यावरचे दोन घाव

मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, हा दगडी पाट दिसतो. तसे नाही, मित्रांनो. मी हाड आहे. एका देवमाशाच्या मादीच्या पाठीतला मी मणका. समुद्र सुटून मला चाळीसच्या वर वर्षे झाली, पण पाण्यातली भीती अजून माझ्यातून सुकलेली नाही.

आमची जात अरबी समुद्र सोडून जात नाही. इथेच खाते, इथेच वाढते, आणि आता फार थोडी उरली आहे. आम्ही डोळ्यांपेक्षा कानांवर जगतो. जहाज लांब असले तरी त्याची घरघर आधी हाडाला लागते. त्या दिवशी घरघर चारी बाजूंनी येत होती. कुठे पळावे ते मादीला कळेना. ती श्वासाला वर आली आणि जहाजाचा पंखा तिच्या पाठीवरून फिरला. माझ्यावर शेजारी शेजारी दोन घाव पडले.

मुरूडकडच्या एका किनाऱ्यावर ती लागली. गावच्या मजुरांनी तिला वाळूत पुरले. पुढे दोन पावसाळ्यांत हाडे उघडी पडली. त्यांतल्या एका मजुराने मला घरी नेले आणि मुलीच्या लग्नात बसायला पाट म्हणून दिले. त्या मुलीचे नाव चंद्रभागा. तिच्याबरोबर मी खालापूर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत आलो.

तिथे मला मान मिळाला. कुणाची पाठ धरली की तो चंद्रभागेकडे येई. ती माझ्यावर पाणी शिंपडून गुळगुळीत दगडाने घासायची आणि निघालेला पांढरा लेप वाटीत द्यायची. एवढ्या थोर जनावराचे हाड, गुण येणारच, असे लोक म्हणत. शेजारचा दशरथ खोपोलीच्या एका कारखान्यात भट्टीवर कामाला. तो ओट्यावर बसून म्हणायचा, "वयनी, जोरात घास. मासा मेलेला हाय, त्याला दुखत नाय."

दुखत नसे, हे खरे. पण प्रत्येक वाटीबरोबर मी थोडा कमी होत होतो आणि ते मला कळत होते.

मग चंद्रभागेची नात हर्षला कर्जतला कॉलेजात जाऊ लागली. तिने माझा फोटो आपल्या शिक्षिका निवेदिताबाईंना दाखवला. बाईंची नजर घावांवरच थांबली. सरकारने तेव्हा एका नियमाचा मसुदा काढला होता. देवमासे राहतात त्या समुद्राच्या पट्ट्यात मोठ्या जहाजांनी वेग कमी करायचा. जहाजवाले म्हणत, इकडे देवमासे राहतच नाहीत, राहत असतील तर पुरावा दाखवा. मसुद्यावर लोकांनी हरकती-सूचना पाठवायला तीन आठवडे उरले होते. बाईंनी हर्षलाला स्पष्ट सांगितले की असे हाड घरात ठेवणे गुन्हा आहे, ते वनखात्याला द्यावे लागेल, आणि ते कुठे कसे मिळाले हे आजीलाच सांगावे लागेल.

हर्षलाने घरी येऊन सगळे समजावले. चंद्रभागेच्या मनात त्यातले दोनच शब्द राहिले. गुन्हा आणि घाव.

दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामे झाल्यावर तिने मला परसात नेऊन पालथे घातले आणि दगड त्या घावांवर ठेवला. मित्रांनो, पंख्याची भीती मला पुन्हा वाटली. पाण्यात निदान पळायला जागा होती. ते दोन घाव म्हणजे माझी वाचा, आणि ती लेपासारखी विरघळून चालली होती. असे तीन दुपारी चालले. तिसऱ्या दुपारी हर्षला लवकर आली, तोवर एक घाव गेला होता.

"आजी, हे काय करतेस गं?"

"कोयत्याची खूण वाटंल ती. माझ्या बानं मासा मारला म्हणतील. तो मरून गेला, आता त्याच्या बाजूनं कोण बोलंल?"

"अगं, हे जहाजाच्या पंख्याचे घाव हायत. त्यांच्यासाठीच तर बाई हाड मागतायत."

चंद्रभागेने हातातला दगड खाली ठेवला. कुंपणापलीकडून दशरथ म्हणाला की उद्या त्याची दिवसपाळी आहे, मला टेंपोत टाकून भट्टीत सोडता येईल. "खूण नाय, हाड नाय, पोलीस बी नाय. जरासा तुकडा तेवढा माझ्या पाठीला ठेव."

ती नको म्हणाली नाही. भट्टी मी पाहिलेली नाही, पण दशरथच्या जळालेल्या भुवया पाहिल्या आहेत.

सकाळी निवेदिताबाई स्वतः आल्या. टेंपो दारात उभाच होता. चंद्रभागेने एकच विचारले, "मला नेतील का?"

"मला माहीत नाही, आजी. खोटे सांगणार नाही. पंचनामा होईल, जबाब घेतील. मी तुमच्याजवळ बसेन."

चंद्रभागेने बाईंना उंबऱ्यावर आपल्याजवळ बसवले. मग उठून तिने दशरथला टेंपो वनखात्याच्या कचेरीकडे घ्यायला सांगितले. त्याने पाळी बुडेल म्हणून कुरकुर केली.

"बुडू दे रं. इतकी वर्षं पाठ कुणी सांभाळली तुझी?"

शिळफाट्यावरून आम्ही गेलो. बाई तिच्याजवळ बसल्या होत्या. कचेरीत साहेबांनी मला उलटसुलट केले, हर्षलाच्या फोटोशी ताडून पाहिले आणि दुसरा घाव कुणी घासला ते विचारले.

"मीच. भ्याले म्हणून."

एका घावावर आणि नुसत्या फोटोवर काही ठरत नाही, असे साहेब म्हणाले. माझी आशा तिथेच खचली. मग त्यांनी विचारले, तुम्ही स्वतः काय पाहिलेत?

"ती जिती व्हती, साहेब. पाठ फाटलेली. आन् भायेर पाण्यात तिचं पिल्लू व्हतं. आई पुरली तरी जाईना. माझा बा होडी मागून त्याला खोल पाण्यात लावून आला. दुसऱ्या दिवशी परत तिथंच."

साहेबांनी नवा कागद ओढला.

मित्रांनो, पिल्लाचे मी तुम्हाला सांगितले नव्हते. मला सांगवले नाही.

मासा वाट चुकून आला असेल, असे कुणीही म्हणेल. पण पिल्लू होते म्हणजे ते पाणी त्यांचे घर आहे. साहेबांनी तिचे बोलणे शब्दन् शब्द लिहून घेतले. चंद्रभागेने सही केली. तिला घरी जाऊ दिले, पण बोलावले की यायचे आहे. ती अजून दारातल्या प्रत्येक गाडीला दचकते, असे हर्षला कचेरीत येऊन सांगून गेली.

मी आता कचेरीच्या कपाटात आहे, गळ्यात चिठ्ठी बांधून. नियम अजून मसुद्यातच आहे आणि जहाजे तशीच धावत आहेत. तुम्हाला एकच मागणे. भ्यालेले माणूस आधी खूण पुसते. त्याच्यावर रागावू नका, त्याच्याजवळ बसा, म्हणजे ते बोलेल. आणि लवकर बसा. या क्षणी त्या पाण्यात एखादी आई श्वासाला वर येत असेल.