साहेबाची ताटली

कुसगावच्या टेकाडावरचा बंगला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाचा. साहेब तापानं वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तो बंगला सोडून गेला याची गावाला खात्री नव्हती. त्यामुळे तिथं वटवाघळांखेरीज कोणी राहत नसे. वटवाघळंही साहेबाच्या परवानगीनं राहतात, असं गाव सांगे.

सन चौतीसच्या मार्चात या बंगल्यात पुण्याची आमची ख्रिस्ती स्वयंसेवक मंडळी उतरली. पुढारी शांतवन मास्तर. मिशनच्या बोर्डिंगातल्या ज्या मुलांना सुट्टीत जायला घरच नसतं, त्यांच्यासाठी इथं मे महिन्यात शिबिर भरवायचं, हा त्यांचा ध्यास. मास्तर स्वतः त्याच बोर्डिंगात वाढलेले. सगळे घरी गेल्यावर तिथला मे महिना किती लांबतो, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची अट एकच होती: ईस्टरपर्यंत बंगल्याच्या विहिरीला पिण्याजोगं पाणी दिसलं पाहिजे, नाहीतर शिबिर विसरा.

आमच्यात दोन कारकून, एक कंपाउंडर आणि एक पेटीवाले. आम्ही कौलं चढवली. जेवढी चढवली त्याहून थोडी कमी फोडली. विहीर मात्र गाळानं बुजलेली, आणि गाळ काही भजनं म्हणून निघत नाही. मास्तर गावात माणसं मागायला गेले.

"माणसं हायेत की," हौशीराम पाटील म्हणाले. "पर साहेबाला इचारलं का?"

"कुठल्या साहेबाला?"

"ज्याचा बंगला हाय, त्याला. त्यानं हां म्हनू द्या, मंग बगू."

मास्तर हात हलवत परत आले.

रविवारी सकाळी पायरीवर टामचिनीची, म्हणजे इनॅमलची, एक ताटली दिसली. भाकरी, लसणाची चटणी, दोन उकडलेली अंडी. मास्तरांनी ताटली दोन्ही हातांनी उचलली. "पाहा, गाव आपल्याला विसरलेलं नाही!" आम्ही आभार मानून सगळं वाटून खाल्लं. एस्तरबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, ताटली घासली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करायचं? त्यांनी त्यात पुण्याच्या लष्कर भागातल्या बेकरीची चार बिस्किटं घातली आणि ती पुन्हा पायरीवर ठेवली.

दुपारी ताटली गेली आणि संध्याकाळपर्यंत गाव हादरलं. साहेबानं नैवेद्य घेतला! आणि वर विलायती बिस्किटं दिली!

सोमवारी हौशीराम पाटील दोर, घमेली आणि पंधरा-वीस माणसं घेऊन हजर. गाळ भराभर निघू लागला. पुढच्या रविवारी पायरीवर ताटल्यांची रांग लागली. आम्ही शेजारधर्म पाळत सगळ्या संपवल्या आणि एस्तरबाईंचा बिस्किटांचा डबाही संपला.

"साहेबाचं खानं लय वाढलंय," विहिरीवर कुणीतरी कौतुकानं म्हणालं, तेव्हा कुठं मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्यांचा चेहरा उतरला. गाळ अर्धा आत होता आणि ईस्टर तोंडावर आला होता. "बोलू नका," कंपाउंडर कुजबुजले. "पाणी लागल्यावर बोला. सत्य काही पळून जात नाही."

"खोटं बोलून मिळवलेलं पाणी मुलांना कसं पाजू?" मास्तर म्हणाले, आणि विहिरीच्या काठावर जाऊन उभे राहिले.

"मंडळी, साहेबानं काही खाल्लं नाही. आम्ही खाल्लं. आम्हाला वाटलं, तुम्ही आमच्यासाठी ठेवता."

घमेली थांबली. पाटलांनी हातातला दोर खाली टाकला. आता सगळे घरी जाणार, हे आम्हाला स्पष्ट दिसलं.

तेवढ्यात मागून हसू फुटलं. झुंबरबाई, साहेबाकडं सैपाकाला असलेली म्हातारी. पहिली ताटली तिचीच. साहेब इतर दिवशी हापिसात असतो म्हणून ती फक्त रविवारी ठेवायची.

"मला ठावं व्हतं की," ती म्हणाली. "ताटली घासल्याली व्हती. साहेबानं जलमात कदी ताटली घासली न्हाई."

"मावशी, मग बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

"इतकी वर्सं रांधलं, ग्वाड लागलं म्हून त्यानं कदी सांगितलं न्हाई. तुमी बिस्किटं दिली. मी कशाला बोलू?"

पाटील विचारात पडले. "पर मास्तर, आमच्या घरची अंडी?"

"तीही आम्हीच."

"पोटात कळ आली?"

"नाही."

"ताप?"

"नाही."

"साहेबाच्या नावाचं खाऊन मानूस जित्ता हाय," पाटलांनी गावाला निकाल ऐकवला, "म्हंजे साहेबाची हरकत न्हाई. वडा दोर."

ईस्टरला पाळकसाहेबांनी त्या विहिरीचं पाणी पिऊन 'गोड आहे' म्हटलं, आणि मे महिन्यात बोर्डिंगातली मुलं आली. सैपाकाला अर्थात झुंबरबाई. पहिल्या रविवारी उपासना सुरू होताना तिनं हळूच पायरीवर ताटली ठेवली. मास्तरांना असले नैवेद्य अजिबात पसंत नव्हते. म्हणून त्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले ते नेहमीपेक्षा बराच वेळ मिटून ठेवले.

उघडले तेव्हा भाकरी नव्हती, अंडी नव्हती. ताटली लख्ख घासलेली होती आणि तिच्यात ओंजळभर करवंदं होती. मागच्या रांगेतल्या दोन मुलांचे हात अजून ओले होते.

झुंबरबाईनं एक तोंडात टाकलं. "ह्यो साहेब बरा हाय," ती म्हणाली आणि रात्रीच्या भाकरीचं पीठ मळायला लागली.