घोडा, तपकिरी, नग एक

मी एक जुना घोडा आहे. मी गवत खात नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची सगळी भानगड त्यावरूनच झाली.

मित्रांनो, मी शाळेच्या खेळाच्या खोलीतला, उड्या मारायचा घोडा. एका सुताराने मला लाकडाचे चार पाय दिले, पोटात काथ्या भरला आणि पाठीवर तपकिरी चामडं ठोकलं. डोकं द्यायचं त्याने ठरवलंच नव्हतं, त्यामुळे मी विचार कशाने करतो हे मलाही ठाऊक नाही. चार पाय असून मी एकतीस वर्षांत एक पाऊल टाकलेलं नव्हतं. पोरं लांबून धावत येतात, फळीवर पाय आपटतात, माझ्या पाठीवर हात टेकून पलीकडच्या गादीवर पडतात. ते हात टेकले की वाटतं, आता आपणही निघावं. पाय शिवशिवतात. मागचा डावा तर डगमगतोच.

एकच मुलगी कधी पलीकडे गेली नव्हती. सातवीत पहिली येणारी, पण तिचं नाव पडलं होतं ‘ब्रेक’. भरधाव यायची आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबायची. तीन वर्षं हेच.

“सर, आज पोटात दुखतंय.”

“काल गुडघा होता ना गं?” खेळाचे सर विचारायचे.

“तो बरा झाला. मग पोटाला वेळ मिळाला.”

“ब्रेक, गॅरेजला जा!” मागून पोरं ओरडायची.

एकदा सगळे गेल्यावर ती सरांना म्हणाली, “वहीत चुकलं तर खोडता येतं, सर. इथे पडलं की पडलं.”

“मग पड की. पडायचा तास दुसरीकडे कुठे मिळणार तुला?”

आणि तोच तास बंद करायचं पत्र वरच्या कचेरीतून आलं. खर्च कमी करायचा आहे. परीक्षेत जे विचारत नाहीत ते शिकवू नये. साहित्याची यादी पाठवावी. चित्रांच्या खोलीतले रंग गेले, गाण्याच्या तासाची पेटी गेली. माझ्यासाठी कारकून काकांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘घोडा, तपकिरी, नग एक.’

उत्तर आलं: ‘शाळेत जनावर पाळता येत नाही.’

सरांनी कळवलं: ‘घोडा लाकडी आहे.’

उत्तर आलं: ‘घोड्याचे नाव लाकडी असल्याची नोंद घेतली. शुक्रवारी जनावरांचे डॉक्टर तपासणी करून घोडा घेऊन जातील.’

मित्रांनो, कागदी घोड्यांपुढे लाकडी घोड्याचं काय चालणार? ते नाचतात. मला चालताही येत नाही.

शुक्रवारी शेवटचा तास. “ज्यांची उडी राहिलीय त्यांनी आज मारून घ्या,” सर म्हणाले. सगळ्यांनी एकाच मुलीकडे बघितलं. ब्रेक धावली, थांबली. पुन्हा धावली, पुन्हा थांबली. तेवढ्यात बाहेर टेम्पो लागला. इंजिन चालूच होतं. त्या घरघरीने माझे चारही पाय थरथरायला लागले.

“पेशंट कुठाय?” डॉक्टर आत आले.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी फॉर्म काढला, कारण तो भरल्याशिवाय त्यांनाही घरी जाता येत नव्हतं.

“दात?”

“नाहीत.”

“पेंड खातो?”

“नाही हो.”

“वाटलंच. घोडं पेंड खातंय ते वेगळ्याच ठिकाणी.” डॉक्टरांनी रकाना ओलांडला. “उपयोग?”

एकतीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

“सर, थांबा! माझा नंबर राहिलाय!” ब्रेक ओरडली आणि सुटली.

तिची पावलं मला पाठ आहेत. चौदाव्या पावलाला ती थांबते. तेरा. चौदा. पंधरा! फळी वाजली, दोन ओले तळवे पाठीवर आपटले, गुडघा खरवडला आणि ती गादीवर बसकण मारून पडली. उडी अगदीच वाईट होती. त्या दणक्याने माझा मागचा डावा पाय बोटभर पुढे सरकला. आयुष्यातलं पहिलं पाऊल!

ब्रेकने गुडघा बघितला, नाक पुसलं, “परत,” म्हणाली आणि रांगेच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

डॉक्टरांनी लिहिलेल्या फॉर्मची प्रत अजून दारावर आहे: ‘प्रकृती ठणठणीत. मागचा डावा पाय अधू, हलवल्यास दगावेल. मुलांकडून रोज अर्धा तास व्यायाम करून घ्यावा. उपयोग: रांगेत विचारावे.’

कचेरीला ते पटलं. कचेरीला फॉर्म पटतात. आता मुलांचा खेळाचा तास कायमचा बंद आहे आणि वेळापत्रकात त्याच जागी ‘घोड्याचा व्यायाम’ आहे. सर कागदोपत्री माझे मोतद्दार आहेत, म्हणजे घोडा सांभाळणारे. मुलांना अजूनही काही मंजूर झालेलं नाही.

पण मला चैन पडत नाही. एक ना एक दिवस कचेरीतलं कुणीतरी मला बघायला येईलच. शेजारी चित्रांच्या खोलीला कुलूप आहे. ब्रशला कुणी जनावर समजलं नाही, म्हणून त्याला तपासायलाही कुणी आलं नाही. तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत असं काही अजून उभं असेल, तर त्याचा उपयोग मागाहून विचारा. आधी धावत या. वीतभर अंतरावर थांबलात तरी हरकत नाही. मागे जा, पुन्हा या. मी थांबतो. मला तेवढंच येतं.

फक्त जरा लवकर या.