मखातासची तिवई

"हात थरथरतोय तुझा," मी म्हटलं.

"थंडी आहे," मखातास म्हणाला. तो भाल्याला धार लावत होता, आणि पातं दर खेपेला दगडावर खणखणत होतं.

थंडी कसली, अंजिरं पिकायचे दिवस होते. भीती मलाही वाटत होती. पण दोघांनी कबूल केलं असतं तर तो निघालाच नसता, आणि मामंजी ओट्यावर उभे होते.

माझा नवरा कौलं भाजणारा. एगाईतल्या निम्म्या घरांवर त्याचीच कौलं आहेत. पण ज्याने जाळं न लावता रानडुक्कर मारलेलं नाही, त्याने जेवणावळीत पलंगावर कोपरावर रेलून टेकायचं नाही, ही आमच्याकडची रीत. नुकती मिसरूड फुटलेली पोरं लवंडून प्यायची आणि हा, कानशिलं पांढरी झाली तरी, बापाच्या पलंगाच्या पायथ्याशी तिवईवर बसायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. डुक्कर भट्टीत शिरलं तर बघू, म्हणायचा.

पण त्या संध्याकाळी पिद्नाहून आमच्या लेकीचे, क्लीनोचे, होणारे सासरचे येणार होते. सोयरीक पक्की होताना मुलीचा बाप आणि व्याही एका पलंगावर टेकून तलवारीने भाकरी कापतात.

"आणि आमचा हा तिवईवर," मामंजी कितीतरी दिवस हेच घोकत होते. "किनाऱ्यावरची माणसं ती. आपली बोली ऐकून हसतात. म्हणतात, हे मॅसेडोनियाचे लोक नावाचेच ग्रीक. याला तिवईवर बघितलं तर घरगडी समजतील. हेराक्लिसचं रक्त आहे आपल्यात."

"ते राजाच्या घरात असेल, मामंजी. आपल्या घरात कौलांची माती आहे."

"तू चूल बघ."

मखातास शेजारच्या दोघांना साक्षीला घेऊन ओकांच्या रानात गेला. मी दिवसभर चूल बघितली. भाकरी करपली, दुसरी केली. रानात कुत्री भुंकली की हातातलं काम थांबायचं आणि ती गप्प झाली की जास्तच भीती वाटायची.  दुपारनंतर मामंजी फाटकाशी जाऊन उभे राहिले.

उन्हं कलताना गाडी आली. गाडीत डुक्कर होतं, आणि शेजारून मखातास चालत होता. मामंजी लहान पोरासारखे रडले. माझाही जीव भांड्यात पडला, पण तो आत येऊन झगा वर करेपर्यंतच. मांडी आतल्या बाजूने फाटली होती.

"घट्ट बांध," तो म्हणाला. "आणि काळा झगा दे. सोयरिकीच्या दिवशी रक्त दिसलं तर अपशकुन म्हणतील."

"मी मामंजींना सांगते. ते टेकतील तुझ्या जागी."

"पोरीचं काम होऊ दे, आदिस्ता. मग सांग."

पुरुषांच्या बैठकीत आम्हा बायकांना जागा नाही. मी पडद्याआडून बघत होते. मखातास आयुष्यात पहिल्यांदा पलंगावर टेकला. कोपर कुठे ठेवायचं तेही त्याला कळेना. व्याही गोल पोटाचे, हसरे गृहस्थ होते. दोघांनी मिळून भाकरी कापली.

"डुकराचं ऐकलं मी," व्याही दारूत पाणी ओतत म्हणाले. "पण व्याहीबुवा, आजच कसली घाई होती?"

मामंजींनी छाती काढून रीत सांगितली.

"एवढंच ना?" व्याही हसले. "अहो, ट्रॉयच्या जुन्या गाण्यांत सगळे वीर बसूनच जेवतात की. टेकून खायची चैन आमची, अलीकडची. तुमच्याकडे कोणी बसून जेवताना दिसला असता तर मी म्हटलं असतं, हे घर आमच्याहून जुनं आहे."

मामंजींचा पेला तोंडाशी तसाच राहिला. त्यांची नजर हळूहळू पलंगाच्या पायाशी गेली, आणि माझीही. तिथे फरशीवर रक्त साचलं होतं. मी पडदा बाजूला सारला, तर मखातासने आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघून मान हलवली. नाही, अजून नाही. मी तो पडदा मुठीत धरून उभी राहिले. पाहुणे निजायला गेले तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. पहाटे तो गेला.

सुतक फिटल्यावर व्याही स्वतः क्लीनोला न्यायला आले. बापाच्या जागी आजोबा म्हणून मामंजींना पलंगावर बोलावलं. त्यांनी तारुण्यात किती डुकरं मारली ते सगळ्या एगाईला ठाऊक आहे. ते पलंगाला वळसा घालून पायथ्याशी गेले आणि तिवईवर बसले.

"इथे या ना, वर," व्याही म्हणाले.

"इथे बरं आहे," मामंजी म्हणाले.

त्यानंतर ते कधीच पलंगावर टेकले नाहीत. मी त्यांचं ताट तिवईपाशीच नेऊन ठेवते.