पंखा गप्प का बसला

धाकटीचा राग असा, की तिनं नुसतं पाहिलं तरी किटलीतलं पाणी उकळावं. शेजारचा किल्लीवाला शपथेवर सांगतो, त्या दुपारी भिंतीपलीकडे त्याच्या कुलपांना घाम फुटला होता.

राग उगाच नव्हता. लिफ्टच्या कंट्रोल पेटीत बसेल एवढीशी लिनक्स, म्हणजे यंत्र चालवणारी प्रणाली, तिनं तुकडा तुकडा जुळवून बांधली होती. सगळं मिळून एक फाइल, तिला म्हणायचं इमेज. खरी पेटी अजून यायची होती. तोवर एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पोटातली नकली पेटी. लिफ्टवाला दुपारी येऊन बघणार होता. इमेज चालली तर काम घरात. नाही तर दादा ते बाहेर देणार आणि तिच्या टेबलावर विजेच्या जुन्या मोटारी रचणार. हे त्यानं जेवताना सगळ्यांदेखत सांगितलं, वर दुसऱ्यांदा वाढूनही घेतलं.

काल हीच इमेज पोपटासारखी बोलत होती. आज पडदा काळाकुट्ट. तिनं सगळं पुसून पुन्हा बांधलं, तरी तेच. शेवटी दादा दात कोरत म्हणाला, की हलकी व्हावी म्हणून सकाळी त्यानंच थोडी चरबी काढली. काय काढलं ते काही आठवेना. नावावरून बिनकामाचं वाटलं, ते काढलं.

"उद्या माझं नाव बिनकामाचं वाटलं तर?" तिनं विचारलं. दादानं काडी बदलली.

तेवढ्यात लिफ्टवाला आला, खुर्ची ओढून बसला. तिनं पुन्हा इमेज चालू केली. काळं. दादानं मोठेपणानं सांगून टाकलं, की ती मेलेली आहे, पोरीला जमलं नाही, बाहेरचा माणूस तयार आहे.

धाकटीनं कीबोर्ड उचलला. दादाच्या डोक्यात घालायचं पक्कं ठरलंच होतं. पण खोलीत इतकी शांतता, की काडी दातावर घासलेली ऐकू यावी. पंखा? संगणकाचा पंखा का गप्प?

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कोसळला की तो जागच्या जागी गरगरत बसतो, संगणक तापतो आणि पंखा बोंबा मारतो. तिनं हे शंभरदा सोसलं होतं. आणि आता पंखा दुपारची झोप काढत होता.

"मेली असती तर पंखा ओरडला असता," ती म्हणाली. "ही जिवंत आहे. चालू होऊन वाट बघत बसलीय. हिचं तोंड बांधलंय कुणीतरी."

तिनं इमेजमधल्या भागांची यादी उघडली. इमेजचे संदेश पडद्यापर्यंत आणणारा सिरियल पोर्टचा भाग दादानं उडवला होता. तिनं तो परत घातला, कर्नल पुन्हा बांधला. तोवर दादाची काडी मोडली. मग पडद्यावर ओळींमागून ओळी धावल्या आणि लॉगिनपाशी येऊन थांबल्या.

लिफ्टवाल्यानं विचारलं, पेटी कुणाकडे पाठवू. दादानं हात पुढे केला.

"माझ्या टेबलावर," धाकटी म्हणाली. "मोटारी तू तुझ्या टेबलावर रच."

"अगं, पण हलकी झाली होती ना?" दादा पुटपुटला.

संध्याकाळी तिनं किल्लीवाल्याकडून खोलीसाठी नवं कुलूप घेतलं आणि दादाच्या हाती लागू नये म्हणून जोडीची दुसरी किल्ली तिथल्या तिथे कानशीनं बोडकी करून घेतली. ते कुलूप आठवडाभर हाताला चटके देत होतं, असं किल्लीवाला सांगतो. त्याची बोटं मी पाहिलीत.