काळं कुंकू

सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात नांदगाव खंडेश्वरातल्या घरोघरच्या ट्रंका उघडल्या. लुगडी काढायला नव्हे, लग्नाचे फोटो काढायला! बाया फोटो पदराखाली घेऊन मठाकडे पळत सुटल्या होत्या. पोरं कडुनिंबावर चढून बसली होती आणि ओट्यावर भगव्या कफनीतले तेजोबाबा एकेक फोटो उन्हात धरून गर्जत होते.

"पाहा! कुंकू कसं आलं? काळं! कॅमेरा म्हंजे यमाचा डोळा हाय, बाई. तुले दिसत नाई ते त्याले दिसते. नवऱ्याच्या जिवावर सावट हाय!"

"अवो माय!" बाई मटकन खाली बसायची.

"भेऊ नको. अंगावरचं सोनं मठात सोड. नाई तं नवऱ्यापासून दूर राहा."

सोनं सोडलेल्या बायांचे नवे फोटो मागं दोरीवर लटकत होते. त्यांत कुंकू पांढरं लख्ख! हे फोटो बाबांचा अमरावतीचा चेला पुंजाराम काढायचा. गाव नुसतं खुळावलं होतं.

आणि या खुळात बळी जायची वेळ आली जमुनावर. देवमनशी लग्न होऊन तिला पुरते दोन महिने झाले नव्हते. सासू मैनाबाईंनी बाबांना फोटो दाखवला, बाबांनी डोळे फिरवले, संपलं! घरात सोनं नव्हतं. उद्या गाडी जुंपायची आणि सून माहेरी धाडायची, असं ठरलं.  देवमन आपला बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.

गंमत म्हणजे तो फोटो देवमनच्या आत्यानं, दुर्गाबाईंनी काढला होता. त्या गावच्या शाळेत मास्तरीण. लग्नाच्या वर्षभरात नवरा पटकीनं गेला, मग शिकल्या, नोकरीला लागल्या आणि पहिल्या पगारात चक्क बॉक्स कॅमेरा घेतला. न्हाणीघराच्या दाराला तरटाचा पडदा, आत लाल काचेचा कंदील, आणि बाई फिल्म धुवत बसलेल्या.

"तुमच्याच डब्ब्यानं घात केला, बाई!" मैनाबाई त्यांच्यावर ओरडल्या होत्या. ते दुर्गाबाईंना फार लागलं. आपल्या फोटोपायी एका पोरीचा संसार मोडावा? 

दुपारी जमुना रडत आली, तेव्हा बाई न्हाणीतच होत्या.

"लवकर आत ये! दार लाव, उजेड येऊन राह्यला!"

लाल उजेडात पोरगी समोर उभी राहिली. बाईंनी वर पाहिलं आणि हातातली थाळी पडता पडता वाचली.

"जमुना! कुंकू काहून पुसलं?"

"नाई पुसलं, आत्याबाई!"

दार किलकिलं केलं. कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू! दार लावलं, कुंकू गायब. उघडलं, हजर. लावलं, गायब! त्या दोघी दार उघडत-लावत राहिल्या. रडणारी पोरगी खुदकन हसली. आतली फिल्म खराब झाली, ती गोष्ट वेगळी.

"सापडला गं, चोर सापडला!" बाईंनी टाळी वाजवली. "ही फिल्म मी लाल उजेडात काहून धुतो? कारण तिले लाल रंग दिसतच नाई. आंधळी हाय ती लालले! आन् फिल्मले जे दिसत नाई, ते फोटोत काळं येते."

मग पांढरं कुंकू कुठून आलं? बाईंना डब्यातला एक रोल आठवला. अकोल्याच्या दुकानदारानं भरीस घालून गळ्यात मारलेला, महागडा, लाल रंगही पाहणारा. तो पार अंधारात धुवावा लागतो, म्हणून नुसता पडून होता. पुंजाराम असाच रोल घालून पुढं लाल काच धरत असणार; लाल उजेडात लाल रंग फिका पडतो, हे न्हाणीत दिसलंच होतं.

मैनाबाईंच्या हातापाया पडून त्यांनी गाडी थांबवली. दुसऱ्या दिवशी साध्या फिल्मवर दोन फोटो काढले, एक शेंदराच्या मारुतीचा आणि एक बाबांचा. बाबा तर मिशा पिळून बसले. मग कॅमेऱ्यात नवा रोल घातला, भिंगापुढं कंदिलाची लाल काच धरली आणि पुन्हा मारुती. लाल काचेतून उजेड कमी येतो, तेव्हा कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी ठेवली. मारुती हलत नाही, हा त्याचा मोठा गुण.

फोटो वाळताच घरच्या साऱ्यांना घेऊन बाई मठात गेल्या आणि थेट ओट्यावर चढल्या.

"बाबा, तुमच्या कपाळावरचा लाल टिळा पाहा. काळा ठिक्कर! तुमच्या कोणत्या नवऱ्यावर सावट आलं?"

गर्दी फिस्सकन हसली. बाबा गरजले, "आमी संन्यासी! आमाले हे लागू नाई!"

"बरं. हा मारुतीराया. हाबी काळा! ब्रह्मचारी देव, त्याचा कोण मरून राह्यला? आन् हा दुसरा फोटो. तोच मारुती, पांढराफेक. त्यानं कोणतं सोनं सोडलं मठात?"

आता हसून हसून लोकांची पोटं दुखायला लागली. बाईंनी लाल काच मैनाबाईंच्या डोळ्यांपुढं धरली. "वयनी, पाहा सुनेकडे."

"अवो! कुंकू गेलं!" काच काढली. "आलं!" पुन्हा धरली. "गेलं!" मैनाबाईंना असा काही चेव चढला की काच सोडेचनात. साऱ्या गावाला काच हवी होती. तेवढ्यात पुंजाराम पिशवी उचलून सटकायला लागला. मैनाबाईंनीच पिशवी धरली, आणि तिच्यातून घरंगळली लाल काचेची चकती! बाबा मागच्या दारानं केव्हा पसार झाले ते कुणी पाहिलं नाही. बायांनी पुंजारामला धरून बसवलं आणि मठातून जिचं तिचं सोनं परत घेतलं.

हशा ओसरला, तशा दुर्गाबाई शांतपणे बोलल्या. "माया लग्नात कुणी फोटो काढला नव्हता, बायांनो. कुंकूबी काळं नव्हतं. तरी माहा नवरा गेला. पटकीनं गेला, नदीचं पाणी न उकळता पेला म्हनून गेला. माणूस कशानं मरते ते डॉक्टरले विचारा, फोटो काळा काहून येते ते फोटोवाल्याले विचारा. पन विचारा! न विचारता पोरगी घराबाहेर काढू नका."

 मैनाबाईंनी पदरानं डोळे पुसले, देवमनला म्हणाल्या, "पाहून काय राह्यला? बैल चरायले सोड, गाडी जुंपाची नाई. अन् बाई, माया सुनेचा नवा फोटो काढा. साध्याच फिल्मवर."

तो फोटो आजही त्या घराच्या भिंतीवर आहे. कुंकू काळंभोर, आणि जमुना बत्तिशी दाखवून हसते आहे.