डोक्यावरची बत्ती

धर्मराज प्लंबर एकटाच कामाला आलाय, असं सानपाड्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं. बोनकोड्याहून निघताना अवजारांची पिशवी त्याच्या खांद्याला आणि बॅटरी त्याच्या बायकोच्या, पुतळाच्या, हातात. बिल्डिंगींत बाथरूमच्या मागे पाइपांसाठी जी अंधारी फट ठेवतात, तिला सगळे डक्ट म्हणतात. आत धड वळताही येत नाही. तिथं धर्मराज पुढे आणि त्याच्या पाठीला चिकटून पुतळा. एका हातानं उजेड धरायचा, दुसऱ्यानं मागेल तो पाना द्यायचा. "कुठं गो?" असं त्यानं विचारलं, की ती त्याचं मनगट धरून बोटं नेमकी गळतीवर नेऊन ठेवायची. लाडावलेला नवरा, दुसरं काय! पुतळाला ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

मग सोसायटीच्या सेक्रेटरी सुचित्राबाईंना दया आली. त्यांचा मुलगा ऋषी ट्रेकला न्यायचा तो पट्ट्याचा दिवा त्यांनी धर्मराजच्या डोक्याला बांधला. "काकू, या वयात झुरळांत कशाला उभं राहायचं? काकांचे हात आता मोकळे. तुम्हीही मोकळ्या."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती, तो असा. धर्मराज नको नको म्हणत होता. पण पुतळाच्या नाकाला मिरची झोंबली. इतकी वर्षं आपण नुसती बॅटरीच धरली म्हणायची, ती आता पट्टा धरील. "घ्या की," ती फणकारली. "मना पन घरी कामा हायेत."

त्यानंतर धर्मराज एकटा जाऊ लागला. घरी यायचा तो बोटांची सालटी काढून. ताटातला भात चिवडत बसायचा. आपल्यावाचून याचं अडतंय, या विचारानं पुतळाला आधी बरंच वाटलं. बायकांचा रुसवा असा आंधळा असतो.

एके सकाळी सुचित्राबाईंचा फोन आला. "काकू, रागावू नका. काकांनी परवा भलत्याच फ्लॅटचा पाइप कापला. आज पुन्हा चुकले तर कमिटी दुसरा माणूस ठेवणार, माझं कुणी ऐकणार नाही. ते... हल्ली घेतात का हो?"

पुतळानं फोन ठेवला. सासरा दारूपायीच गेला होता. आता हाही बापाच्या वाटेनं निघाला असेल, तर काम जाईल आणि मागोमाग माणूसही. आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा, असं ठरवून ती निघाली. जुनी बॅटरी सवयीनं पिशवीत पडली.

डक्टचं दार उघडं होतं. आत पांढराफटक उजेड होता आणि धर्मराज भिंतीवरून, पाइपांवरून हात फिरवत होता, उंच फळीवरचा डबा चाचपावा तसा.

"अवो, तोंड इकडं करा," पुतळा आत शिरत म्हणाली.

तो वळला. दारूचा वास नव्हता, नुसती तंबाखू.

"बरा झाला आयलीस," तो हळूच म्हणाला. "बाईंचा ह्यो दिवा पेटतच नाय गो. पैल्या दिवसापासना. बघ तरी."

पुतळाचे डोळे दिपून पाणी आलं. दिवा लख्ख पेटला होता, तिच्या तोंडावर.

बाहेर उन्हात हा नीट चालायचा, घरात ट्यूबलाइट होती. अंधारात मात्र ह्याला तिच्या हातानंच दिसत होतं, कधीपासून देव जाणे. आणि आपण रागाच्या भरात ह्याला इथं एकट्याला पाठवला. तिला स्वतःची शिसारी आली.

"काका, सापडलं का?" बाथरूमच्या खिडकीतून सुचित्राबाईंनी हाक मारली.

पुतळानं त्याच्या कपाळावरचं बटण चाचपून दिवा बंद केला. मिट्ट काळोख झाला. "सेल गेलाय, बाय!" ती मोठ्यानं म्हणाली. "मी बॅटरी घेऊन आयलीय. आता व्हईल."

पाणी टपकत होतं त्या आवाजाच्या रोखानं तिनं ओला सांधा शोधला. मग त्याचं मनगट धरलं आणि बोटं तिथं नेऊन ठेवली.

"हां," धर्मराज म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज सैल झाला होता. "आता दिसला बघ."

पुतळाची बॅटरी अजून पिशवीतच होती.